मदत हवी आहे : भिंतीतला तडा भरला की पुन्हा उघडतो

कोरा कागद

नमस्कार.

घराच्या कोपऱ्यातील खोलीत खिडकीच्या वरच्या कोनातून निघून छताकडे जाणारा एक तिरका तडा आहे आणि त्याच खोलीच्या छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ भेग आहे. घर थोडे बसल्यामुळे असे होते, हे पाहून गेलेल्या प्रत्येकाने सांगितले आहे, त्यामुळे कारणाच्या चर्चेत मला रस नाही. पुट्टी भरून, घासून, वर रंग देऊन झाला, तरी काही महिन्यांत त्याच रेषेवर भेग उमटते. आता पूर्ण घराला रंग द्यायचा आहे आणि रंगारी लवकरच काम सुरू करणार आहेत. त्यापूर्वी कशाने भरले असता भेग पुन्हा दिसणार नाही आणि ते कसे भरावे, एवढेच जाणकारांनी सांगावे. "इंजिनिअरला दाखवा" हा सल्ला मिळून चुकला आहे. तो कृपया पुन्हा देऊ नये.

कुंचला

पुट्टी भेग भरण्यासाठी नसते, हे बऱ्याच रंगाऱ्यांनाही पटत नाही. ती भिंत गुळगुळीत करण्यासाठी असते आणि तिचा एकूण थर दीड मिलिमीटरच्या आसपास राहणे अपेक्षित असते. खोल भेगेत ठासली तर ती वाळताना आकसते आणि कडेने सुटते.

छिन्नीच्या कोपऱ्याने किंवा खरवडणीने भेग पाच-सहा मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडावी. दोन्ही बाजूंचा सैल गिलावा काढून ब्रशने धूळ पूर्ण झटकावी, कारण धुळीवर काहीही चिकटत नाही. मग प्रायमर लावून ॲक्रिलिक क्रॅक फिलर दोन थरांत भरावा आणि पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. त्यावर पाच सेंटिमीटर रुंदीची फायबरग्लास जाळीची पट्टी बसवावी आणि तिच्यावरून पातळ पुट्टी दोन्हीकडे वीतभर पसरवत न्यावी, म्हणजे उंचवटा नजरेस येत नाही. शेवटी घासकाम, प्रायमर आणि रंग. सिलिकॉन मात्र वापरू नये, त्यावर रंग धरत नाही.

ओळंबा

कुंचला यांनी सांगितलेली कृती व्यवस्थित आहे, पण ती हालचाल थांबलेल्या तड्यासाठी आहे. आपला तडा त्याच रेषेवर पुन्हा उमटतो, याचा अर्थ एकतर भरणे नीट झाले नव्हते किंवा भिंत अजून हलते आहे. आणि या दोहोंपैकी काय आहे हे कळेपर्यंत पदार्थाचे नाव सांगून उपयोग नाही. जाळीची पट्टी भिंतीला धरून ठेवत नाही, ती फक्त गिलाव्यावरचा ताण थोडा पसरवते.

म्हणून काही गोष्टी विचारतो. घराचा भार विटांच्या भिंतींवर आहे की कॉलम-बीमच्या सांगाड्यावर? खोली कितव्या मजल्यावर आहे आणि तिच्या वर काय आहे? तड्याची रुंदी दोन्ही टोकांना सारखी आहे की एकीकडे वाढत जाते? तो भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही त्याच ठिकाणी दिसतो का? ऋतूप्रमाणे त्यात फरक पडतो का, दारे-खिडक्या अडकू लागल्या आहेत का, आणि छत म्हणजे स्लॅबखालचा गिलावा आहे की जिप्सम बोर्डाचे खोटे छत?

कोरा कागद

कुंचला, आभार. मला अशाच उत्तराची अपेक्षा होती.

ओळंबा, घर तळमजल्याचेच आहे, वर गच्ची आहे, भिंती विटांच्या आहेत आणि कॉलम कुठे दिसत नाहीत. तड्याच्या वरच्या टोकाला जाड पुठ्ठा आत शिरतो, खाली खिडकीपाशी नखही जात नाही. बाहेरच्या अंगाला सामान रचून ठेवलेले असल्याने तिकडे पाहिलेले नाही. उन्हाळ्यात भेग ठळक होते, पावसाळ्यात मात्र भरलेल्या पुट्टीच्या कडा बाहेर उचलल्यासारख्या दिसतात, म्हणूनच पुट्टी निकृष्ट होती असे मी धरून चाललो आहे. छत पांढरे आणि सपाट आहे. त्याहून अधिक काय सांगावे, हे मला कळत नाही.

चुनखडी

घराचे वय आपण सांगितले नाही. बांधकाम चुन्यातले असेल, तर वर सुचवलेल्यापैकी काहीही करू नये. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट किंवा ॲक्रिलिक चढवले की भिंतीतला ओलावा आत कोंडतो आणि कडक ठिगळाच्या शेजारी नवी भेग पडते. चुन्याचा गिलावा मऊ असल्याने थोडी हालचाल सहन करतो. शिवाय ओलाव्यात विरघळलेला चुना सूक्ष्म भेगांमध्ये पुन्हा घट्ट होऊन त्या आपोआप बुजवतो, हा गुण सिमेंटमध्ये जवळजवळ नाही. चाळलेली वाळू आणि मुरवलेला चुना यांचे मिश्रण भरून ते काही दिवस ओलसर ठेवावे, यापेक्षा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

कुंचला

प्रत्येक धाग्यावर चुना आणण्यापूर्वी भिंत चुन्याची आहे का, हे तरी पाहावे. ज्या भेगेत पुठ्ठा शिरतो ती भेग चुना आपोआप बुजवणार नाही, आणि मुरवलेल्या चुन्यावर हल्लीचे इमल्शन चढवले तर तोच ओलावा कोंडण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

चुनखडी

म्हणूनच मी "असेल तर" असे लिहिले होते. आणि इमल्शन चढवावे, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

ओळंबा

दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे, पण धागाकर्त्यांनी ओघात जे सांगितले त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पुट्टीच्या कडा पावसाळ्यात बाहेर उचलल्या जातात, हा पुट्टीचा दोष असेलच असे नाही. उन्हाळ्यात उघडलेल्या भेगेत कडक पदार्थ भरला आणि पुढे ती भेग मिटू लागली, तर मधला पदार्थ चिरडला जाऊन बाहेर ढकलला जातो. म्हणजे हा तडा एकदाच बसून थांबलेल्या घराचा नाही. तो ऋतूप्रमाणे उघडतो आणि मिटतो. अशा तड्यात जितका कडक पदार्थ भराल तितके नुकसान अधिक, कारण भिंतीला परत जागेवर येण्यास वाव राहत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. वर रुंद आणि खाली निमुळता होणारा तडा बहुधा घराचे टोक किंवा कोपरा मधल्या भागाच्या तुलनेत खाली जात असल्याचे दाखवतो. मधला भाग खाली बसला असता तर भेग साधारणपणे तळाशी रुंद झाली असती. ही खोली कोपऱ्याची आहे, असे आपणच लिहिले आहे. आता त्या कोपऱ्यापाशी जमिनीत काय चालले आहे, हे पाहावे लागेल.

तिसरा मजला

वर गच्ची आहे म्हणजे सर्व दुखण्याचे मूळ तिथेच आहे. गच्चीला वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा, तोही पांढऱ्या रंगाचा. आमच्या इमारतीत थर दिल्यापासून भिंतींची ओल पूर्ण थांबली.

कोरा कागद

ओल कुठेही नाही आणि मी ओलीबद्दल विचारलेलेही नाही. गच्चीचे पाणी पाइपने खाली येते. तो पाइप याच कोपऱ्यावर उतरतो आणि त्याचा शेवटचा तुकडा निघून गेल्यामुळे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडते, पण ते घराबाहेर पडते, आत येत नाही. कृपया मुद्द्यावर यावे.

पाणसळ

मुद्दा हाच आहे.

गच्चीवर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा आपण एका कोपऱ्याच्या पायाशी ओतत आहात. पुढे काय होते, ते मातीवर अवलंबून असते. वाळूमिश्रित किंवा भरावाची जमीन असेल, तर पाण्याबरोबर बारीक कण वाहून जातात आणि पायाखाली पोकळी होते. चिकणमाती असेल, विशेषतः काळी, तर ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पाया उथळ असला तर त्याच्यासह भिंतही वर-खाली होते. पूर्ण घर सारखे वर-खाली झाले असते तर तडा पडला नसता. एकच कोपरा इतरांहून जास्त भिजतो आणि नंतर जास्त आकसतो, म्हणून भिंत तिथे फाटते, आणि ती खिडकीच्या कोनापासून फाटते, कारण उघडी जागा असल्याने ताण तिथेच एकवटतो. आपल्या अंगणातली माती उन्हाळ्यात भेगाळते का?

माझ्या घरी कारण वेगळे, पण प्रकार हाच होता. भिंतीजवळच्या मोठ्या झाडाची मुळे उन्हाळ्यात चिकणमातीतले पाणी ओढून घेत असत. झाड तोडा असे सगळे म्हणत होते, पण मोठे झाड एकदम तोडले तर वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि भिंत उलट्या दिशेने उचलली जाते, असे कळल्यावर आम्ही फांद्या टप्प्याटप्प्याने कमी करत गेलो.

कोरा कागद

माती काळी आहे आणि उन्हाळ्यात तिला बोटभर रुंद भेगा पडतात. झाड नाही. पाइप दुरुस्त करून घेईन, ते काही अवघड नाही. पण मग तडा आता भरू की नको? रंगारी थांबणार नाहीत.

निरीक्षक

तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना जिप्समच्या ठिपक्याने चिकटवून ठेवावी. भिंत हलली तर काच फुटेल, नाही हलली तर भरून टाकावे. यात वाद घालण्यासारखे काही नाही.

ओळंबा

काच फुटल्याने भिंत हलली एवढेच कळते. किती हलली, कोणत्या दिशेने हलली आणि परत आली का, हे कळत नाही, आणि इथे तर तेच महत्त्वाचे आहे. शिवाय चिकटवलेला ठिपका सुटला तर काच अखंड राहते आणि भिंत स्थिर असल्याचा गैरसमज होतो.

त्यापेक्षा तड्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन छोटे स्क्रू त्रिकोणात पक्के बसवावेत आणि त्यांच्यातील अंतरे व्हर्निअर कॅलिपरने मोजून ठेवावीत. दोन अंतरे बदलली की तडा रुंदावतो आहे की भिंतीचे दोन भाग एकमेकांवरून सरकत आहेत, हेही समजते. महिन्यातून एकदा, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजावे, कारण उन्हाने तापलेली भिंत वेगळे माप दाखवते. तड्याच्या टोकांशी पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी, म्हणजे लांबी वाढते का तेही दिसेल. कोरडा आणि ओला असे दोन्ही ऋतू पार पडेपर्यंत निष्कर्ष काढू नये.

निरीक्षक

म्हणजे जवळजवळ वर्षभर भिंत तशीच ठेवायची? ज्यांना तिथे राहायचे आहे त्यांचाही विचार व्हावा. काचेच्या पट्टीने पिढ्यान्‌पिढ्या काम भागले आहे.

कुंचला

मधला मार्ग आहे. इतर भिंतींना आत्ता रंग द्यावा आणि ही एक भिंत शेवटच्या हातासाठी राखून ठेवावी. त्याच डब्यातला रंग झाकण घट्ट लावून ठेवला, तर नंतर छटेत फरक पडणार नाही. तडा उघडा ठेवणे नको असेल, तर रंग धरणारा लवचीक ॲक्रिलिक सीलंट भरावा. तो हालचालीबरोबर ताणला आणि दाबला जातो. मात्र त्यासाठी भेग मुद्दाम थोडी रुंद करून कडा सरळ घ्याव्या लागतात, कारण केसाएवढ्या फटीत ताणायला पदार्थच शिल्लक राहत नाही. त्यावर पुट्टी देऊ नये. पुट्टी कडक असते, ती पुन्हा फुटेल. तिथे रंगाची रेषा किंचित वेगळी दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ओळंबा

याला माझी हरकत नाही. स्क्रू सीलंटच्या बाहेर राहतील एवढे पाहावे.

सहज

अवांतर विचारतो, क्षमस्व. आमच्याकडे छताच्या पंख्याच्या हुकापासून एक सरळ भेग निघाली असून तिच्या कडेला तांबूस डाग आहेत. हेही घर बसल्याचेच लक्षण आहे का?

ओळंबा

नाही. तांबूस डाग आणि सरळ रेषा म्हणजे स्लॅबमधली सळई गंजत असण्याची दाट शक्यता. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटचा खालचा थर ढकलून सोडवतो. काठीने हलकेच ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, तर खालची जागा मोकळी करावी, पंखा काढून ठेवावा आणि वरून पुट्टी मुळीच लावू नये. यासाठी स्वतंत्र धागा काढावा, हे विचारण्यात दिरंगाई नको.

त्यावरून आठवले, मूळ धाग्यातल्या छताचे उत्तर अजून मिळालेले नाही. कोरा कागद, पांढरे आणि सपाट तर सगळीच छते असतात. एक छोटे चुंबक घेऊन भेगेच्या दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावे. ठरावीक अंतरावर ते चिकटत असेल, तर आत बोर्डाचे स्क्रू आहेत.

कोरा कागद

चुंबक भेगेच्या दोन्ही बाजूंना ओळीने चिकटते. ठोकल्यावर सगळीकडे सारखाच पोकळ आवाज येतो. घर घेतले तेव्हापासून हे छत असेच आहे.

कुंचला

मग छताच्या भेगेचा घर बसण्याशी फारसा संबंध नसावा. दोन जिप्सम बोर्डांचा तो सांधा आहे आणि बहुधा पट्टी न लावता नुसता भरून टाकलेला आहे. सुटलेला माल खरवडून काढावा, सांध्याजवळचे सैल स्क्रू घट्ट करावेत किंवा शेजारी नवे मारावेत, मग जॉइंट कंपाउंडच्या ओल्या थरात कागदी पट्टी दाबून बसवावी आणि वरून आणखी दोन थर दर वेळी अधिक रुंद पसरवावेत. इथे कागदी पट्टीच घ्यावी, चिकट जाळी नको.

निरीक्षक

जाळीची पट्टी लावायला सोपी आणि तितकीच टिकाऊ असते. भिंतीसाठी आपण स्वतःच ती सुचवली होती.

कुंचला

भिंतीवर विटा आणि सिमेंटचा गिलावा आहे, छतावर कागदी तोंडाचा बोर्ड आहे; दोन्हींना एकच न्याय लावता येत नाही. चिकट जाळी लावायचीच असेल, तर पहिला थर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होणाऱ्या कंपाउंडचा द्यावा, नुसत्या वाळणाऱ्या तयार कंपाउंडचा देऊ नये. हे न पाळल्यामुळे पुन्हा फाटलेले सांधे मला नेहमी दिसतात.

ओळंबा

बोर्ड आहे म्हणजे वरचा स्लॅब झाकलेला आहे, हेही लक्षात घ्यावे. छतात बसवलेला एखादा दिवा काढून त्या खाचेतून टॉर्चने आत पाहावे. स्लॅब आणि भिंत जिथे टेकतात त्या रेषेवर आडवी भेग असेल, तर ती उन्हाने गच्चीचा स्लॅब प्रसरण पावण्याची असू शकते आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो. तिसरा मजला यांचा पांढरा थर तिथे थोडाफार उपयोगी पडेल, कारण त्याने स्लॅब कमी तापतो. तिरक्या तड्यावर त्याचा काही परिणाम होणार नाही.

कोरा कागद

बाहेरचे सामान हलवले. तडा बाहेरूनही आहे, तिथे तो विटांच्या सांध्यांमधून पायरी-पायरीने गेला आहे आणि पाइपच्या बाजूची जमीन दबलेली आहे. स्लॅबखाली आडवी भेग दिसत नाही. दारे नीट लागतात, खिडकी मात्र उन्हाळ्यात थोडी घासते. आता नेमके किती घाबरावे, ते सांगावे. आणि एका परिचितांनी भिंतीत स्टीलचे गज घालून घ्या असे सुचवले आहे, ते आवश्यक आहे का?

ओळंबा

ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी अशा वेळी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. तिच्यात 1 मिलिमीटरपर्यंतचा तडा अगदी किरकोळ, 5 मिलिमीटरपर्यंतचा किरकोळ, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 गंभीर आणि त्यापुढचा अतिगंभीर धरला जातो. पुठ्ठा शिरतो म्हणजे आपण अजून किरकोळ गटात आहात, पण ही रुंदी आजची आहे. उद्या ती कुठे जाते, हे मापच सांगेल. रुंदी 5 मिलिमीटरच्या पुढे गेली, आठवड्यांत फरक दिसू लागला, दार लागेनासे झाले किंवा भिंत ओळंब्यातून बाहेर गेली, तर आपल्याला नको असलेला सल्ला मला द्यावाच लागेल.

गजांबाबत : विटांच्या आडव्या सांध्यात खाच घेऊन पिळाचे स्टेनलेस स्टीलचे गज ग्राउटमध्ये, म्हणजे फट भरणाऱ्या घट्ट होणाऱ्या मसाल्यात, बसवतात. ते साधारणपणे 6 मिलिमीटर जाडीचे असतात, तड्याच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा मीटर जातात आणि दर चार ते सहा थरांमागे एक बसतो. पद्धत चांगली आहे, पण ती फाटलेल्या भिंतीला पुन्हा एकसंध करते, पायाला आधार देत नाही. माती हलत असताना भिंत शिवून टाकली, तर ती शेजारी फाटते. आधी पाणी, मग माप, आणि वर्षभराने रुंदी स्थिर दिसली तरच गज.

पाणसळ

पाइपचा तुकडा जोडण्यावर थांबू नये. पाणी भिंतीपासून लांब, चालू असलेल्या गटारात नेऊन सोडावे, दबलेली जमीन भरून ठोकून घ्यावी आणि जोत्याभोवती बाहेरच्या दिशेने उतार असलेला फरसबंदीचा पट्टा करावा. त्याने पायाजवळच्या मातीतला ओलावा वर्षभर अधिक सारखा राहतो. शिवाय जमिनीखालचे सांडपाण्याचे पाइपही तपासून घ्यावेत, कारण भिंत हलली की त्यांचे सांधे सुटतात आणि नंतर तेच पाइप गळून माती भिजवत राहतात.

कोरा कागद

ठीक आहे. पाइप आणि उतार या आठवड्यात करून घेतो, छताला कागदी पट्टी लावतो आणि ती भिंत सोडून बाकी रंग उरकतो. शेवटचा प्रश्न : बाहेरच्या पायरीसारख्या तड्यातून पावसाचे पाणी आत येईल, तो तरी सिमेंटने भरून घेऊ का?

ओळंबा

सिमेंटने नको. तोही याच हालचालीचा भाग आहे, त्यामुळे कडक माल तिथेही सुटेल किंवा विटांच्या कडा उडवेल. सांधे साफ करून बाहेरच्या वापराचा लवचीक सीलंट भरावा. जिथे फट खोल असेल तिथे आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी, म्हणजे सीलंट फक्त दोन कडांना चिकटतो, तळाला नाही, आणि मोकळेपणाने ताणू शकतो. स्क्रूंचा एक त्रिकोण बाहेरही बसवावा. दोन्हीकडची मापे तारखेसह इथेच लिहीत गेलात, तर पुढचे बोलणे सोपे होईल.

तिसरा मजला

पाइप काढलाच आहे, तर गच्चीवरची त्याची जाळी आणि भोवतालचा उतारही पाहून घ्यावा. थर नंतर दिला तरी चालेल.